मार्सेलाचा पलंग

आर्डिसबाईंनी दाराशी बसून बर्फाने ओले झालेले बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर विम्याच्या ऑफिसात शिरल्या. मिनेसोटात कुणी कुणाच्या गालिच्यावर चिखल नेत नाही, मग मनात काय वाटेल ते चाललेलं असो.

"या, बाई," म्हणत केंडल उठला. तिसरीत त्याला त्यांनीच शिकवलं होतं. पन्नाशीला आला तरी त्या बसल्याशिवाय बसत नसे.

मार्सेला जाऊन महिना झाला होता. घरातल्या तिच्या सामानाचा विमा आता बंद करायचा होता. तिच्या पुतण्याने सही करून पाठवलेला कागद बाईंनी टेबलावर ठेवला.

एकाच भाड्याच्या घरात दोघींच्या दोन पॉलिसी, त्याही तीस वर्षं. हे ऑफिस केंडलचे वडील चालवत तेव्हा ते दरवर्षी म्हणत, अहो, एकाच पॉलिसीत दोघींची नावं घाला की. मार्सेला बाईंकडे बघे. बाई ताडकन सांगत, आम्ही नुसतं भाडं वाटून घेतो. शाळेची नोकरी, रविवारचं चर्च. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? म्हणून पियानो बाईंचा, सोफा मार्सेलाचा. मागच्या खोलीतला पलंगही मार्सेलाचा, चार लोकांना दाखवायला घेतलेला.

"तो जळाला तर माझं नुकसान ते काय गं?" मार्सेलाने एकदा हसत विचारलं होतं. बाई तेव्हा रागावल्या होत्या.

पुतण्याने न्यायचं काही उरलंय का, केंडलने विचारलं. तोवर विमा चालू ठेवता आला असता.

"एक पलंग आहे." बाई स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. "गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही."

बोलून गेल्या आणि त्यांना धडकी भरली. पलीकडच्या टेबलावर त्यांच्याच चर्चमधली डोरीन टाइप करत होती. तिचे हात थांबले.

"माहीत आहे, बाई," केंडल हळूच म्हणाला. "तुमच्याकडे पाइप फुटून पाणी भरलं होतं, तेव्हा बाबांबरोबर मीही आलो होतो. ती गादी मीच उचलली."

"बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा विचारून बघू."

म्हणजे ते दरवर्षी दार उघडून उभे राहत होते, आणि बाई मार्सेलाच्या देखत ते लावून घेत होत्या. बाईंनी रुमाल शोधला. सापडला नाही.

केंडलने फॉर्म पुढे ओढला. कागद आणणाऱ्याचं मृताशी नातं, असा एक रकाना होता. "बरोबरची भाडेकरू लिहू?"

बाईंनी वळून डोरीनकडे पाहिलं. मग शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आपल्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "ती माझी होती. आता ते कसं लिहायचं ते तू बघ."

केंडल लिहू लागला. डोरीन उठली, दाराशी गेली आणि बाईंचे ओले बूट उचलून तिने हीटरजवळ नेऊन ठेवले.