एक प्रत फाइलला

सदानंद मोघे रियाधमधल्या एका बँकेत एकोणीस वर्षं कम्प्लायन्स खात्यात होता. कम्प्लायन्स म्हणजे नक्की काय, हे त्याच्या सासऱ्यांनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारायचं सोडून दिलं. थोडक्यात सांगायचं तर इतरांच्या कामात काय राहिलंय, ते तो शोधायचा. काही सापडलं नाही तर त्याला जेवण जात नसे.

त्याची बायको विभा व्हायोलिन वाजवायची. पुण्यात कॅम्पातल्या एका गोवेकर मास्तरांकडे ती शिकली होती. पानावरचे काळे ठिपके बघून वाजवायचं, त्या पद्धतीचं. लग्नानंतर गोधडीत गुंडाळून व्हायोलिन रियाधला आलं आणि कपाटावर बसलं. तेव्हा दिवस वेगळे होते, सौदीत उघडपणे वाजवायची सोय नव्हती. खिडक्या लावून, तारांवर रबराचा तुकडा बसवून ती वाजवायची, आणि शेजारचा शौकत विचारायचा, "भाभीजी, आपका फ्रिज आवाज करता है क्या?"

आता दिवस बदलले. शहरात संगीतशाळा निघाल्या. त्यातल्या एका शाळेला लहान मुलांसाठी व्हायोलिनची बाई हवी होती. जागा एक. वयाची अट पन्नासच्या आत. विभा एकोणपन्नास वर्षं आणि आठ महिन्यांची होती.

परीक्षेला एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेली एक जुनी जर्मन रचना नेमलेली होती. तिला नाव नव्हतं, क्रमांक होता, त्यामुळे सदानंदला ती पहिल्यापासून आवडली. अटी चार. रचना अधिकृत प्रकाशकाचीच हवी. कागदावर छापलेली हवी. हॉलमध्ये फोन, टॅब काही चालणार नाही. एक प्रत परीक्षकांना द्यायची. तयारीला तीन आठवडे.

प्रकाशकाने पैसे घेऊन फाइल पाठवली. तीन प्रती छापायची परवानगी होती आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'विभा मोघे' असं आपोआप आलं होतं. सौदीतल्या कुठल्याही कागदावर तिचं नाव नवऱ्याच्या नावाला न टेकता उभं राहिल्याची ही पहिली वेळ. तिने पान मोठं करून दोनदा पाहिलं.

तीन आठवडे तिने ती फाइल हॉलमधल्या टीव्हीवर लावून सराव केला. वायरलेस माऊस जमिनीवर, पान बदलायचं झालं की पायाच्या अंगठ्याने टिचकी. पहिल्या पानावर नुसता रचनेचा क्रमांक होता, दुसरं कोरं होतं. ते आलं की टीव्ही पांढरा व्हायचा आणि अंगठा पुन्हा खाली जायचा. रचना बरीचशी पाठ झाली. पाठ झाल्याची खात्री तेवढी पाठ झाली नाही.

"छापून मी आणतो," सदानंद म्हणाला. "तू वाजव."

हा वाटणीचा प्रस्ताव तिला उदार वाटला. तिथेच चुकलं.

रियाधच्या बत्हा भागात जमालुद्दीन दापोलकरांचं झेरॉक्सचं दुकान आहे. तीस वर्षांत त्यांनी अर्ध्या कोकणाचे इकामे, म्हणजे तिथले राहण्याचे परवाने, झेरॉक्स केले असतील. फाइल उघडून त्यांनी पानं मोजली.

"साहेब, ह्यो दुसरा कागद कोरा हाय."

"काढून टाका."

"छापणाऱ्यान कोरा ठेवलान म्हणजे काय तरी कारण असंल."

"कागदपत्रात कोरं पान ठेवायचं नसतं, जमालभाई. उद्या कोणी त्यावर काही लिहिलं म्हणजे?"

"बाजावाल्याच्या कागदावर कोण काय लिवणार?"

"तेच तर. आपल्याला माहीत नाही."

कोऱ्या पानावर खाली जर्मनमध्ये एक बारीक ओळ होती. सदानंदला जर्मन येत नाही, त्यामुळे त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. जमालुद्दीननी फोन पुढे केला, ह्यात मराठी करून मिळतं म्हणाले. "राहू द्या," सदानंद म्हणाला. पान गेलं. पण मग आकडे चुकायला लागले: एकनंतर एकदम तीन. त्याने तिथल्या तिथे बसून तिन्ही प्रतींवरचे आकडे पांढऱ्या शाईने पुसले आणि नवे घातले. एक प्रत वाजवायला, एक परीक्षकांना, एक फाइलला. फाइलची प्रत लिफाफ्यात घालून चिकटवली आणि चिकटवल्या जागी आडवी सही केली. बाइंडिंग उत्तम झालं होतं.

सोमवारी दुपारी शाळेच्या बाकावर, परीक्षेला पंचवीस मिनिटं असताना, विभाने आपली प्रत पहिल्यांदा उघडली.

"अहो, दुसरं पान कुठे आहे?"

"हे काय. दुसरं."

"हे तिसरं आहे."

"आता दुसरं आहे."

तिने पानं पुढे केली, मागे केली. मग व्हायोलिनची पेटी मांडीवरून खाली ठेवली.

"कोरं पान काढलंत?"

"त्यावर काहीच नव्हतं."

"काही नव्हतं म्हणूनच होतं ते!" ती हळू बोलत होती, कारण आत कोणीतरी वाजवत होतं. "कोऱ्या पानासमोरचं एक पान वाजवून झालं की क्षणभर थांबायचं असतं, तेव्हा उलटायचं. मग समोरासमोर दोन पानं, परत थांबायचं, परत उलटायचं. तो थांबा उलटायच्या जागी यावा म्हणून सुरुवातीला एक पान कोरं ठेवतात. आता सगळं एक घर सरकलं. दोनदा पान उलटायचंय, आणि दोन्ही वेळा मी धावतेय. दोन्ही हात व्हायोलिनवर. उलटू कशाने, नाकाने?"

आपल्याकडे ही अडचण येत नाही. गाणाऱ्यापुढे कागद नसतो, आणि असला तर तो आयोजकांच्या आभाराचा असतो. सदानंदने दोन मिनिटं विचार केला.

"मी उलटतो."

"कधी उलटायचं ते कळेल?"

"तू मान हलव."

"वाजवताना मी सारखीच मान हलवते."

"हलवतेस?" त्याने विचारलं. तीन आठवडे तो घरच्या त्याच हॉलमध्ये, तिच्या मागे बसून, अहवाल वाचत होता.

 विभाने त्याच्या मांडीवरच्या फोल्डरकडे हात केला. "लिफाफा द्या."

"ती फाइल कॉपी आहे."

"माहीत आहे."

"फाइल कॉपी वापरायची नसते, विभा. वापरली की ती फाइल कॉपी राहत नाही. बँकेत असा लिफाफा उघडायला दोघांच्या सह्या लागतात."

"चार महिन्यांनी मी पन्नास पूर्ण करते. मग ही नोकरीसुद्धा फाइललाच लावा."

सदानंदने लिफाफ्याकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं. मग खिशातली किल्ली काढून सही अगदी मधोमध फाडली.

विभाने दोन्ही प्रती बाकावर उघडल्या. डावीकडची दोन-तीनवर, उजवीकडची चार-पाचवर.

"दोन स्टँड लागतील. मी डावीकडून सुरू करते. उजवीकडे वळले की तुम्ही डावीकडचे दोन कागद एकदम उलटून सहा काढायचं. घाई नाही, चांगलं दीड मिनिट मिळेल. ठिपके वाचू नका. फक्त माझ्याकडे बघा."

दाराशी बसलेल्या हम्मादकडे परीक्षेची कागदपत्रं होती. दुसरं स्टँड त्याने लगेच दिलं, पण पान उलटणारा माणूस यादीत नव्हता.

"नातं?"

"नवरा," सदानंद म्हणाला.

"इकाम्याची कॉपी?"

सदानंदने फोल्डर उघडलं. रंगीत चार, साध्या सहा. हम्मादने एक साधी घेतली आणि त्या फोल्डरकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

आत मुख्य परीक्षक मैमुनाबाई होत्या, चष्मा टोकावर, समोर विभाने दिलेली प्रत. त्यांनी मान हलवली आणि विभाने सुरुवात केली.

सदानंदला त्यातलं काही कळत नव्हतं. विभा वाजवताना मान खरंच हलवते, एवढं कळलं. डावी भुवई कठीण जागेच्या आधी वर जाते, हेही कळलं, आणि ही माहिती एकोणीस वर्षं उपलब्ध असूनही आपण नोंदवली नाही, असं त्याच्या मनात आलं. दोन-तीन संपलं. ती एका सुराचाही खंड न पाडता उजवीकडे वळली. त्याने डावीकडचे दोन कागद उलटले, आकडा तपासला: सहा. तळाचं नाव तपासलं: विभा मोघे. बरोबर होतं.

तेवढ्यात छतातला एसी सुरू झाला आणि सहावं पान हळूच उठायला लागलं.

ह्याबद्दल सूचना नव्हती. सदानंदने तर्जनी पानाच्या कोपऱ्यावर ठेवली. विभा परत डावीकडे वळली तेव्हा ते बोट तिथे होतं, आणि शेवटचा सूर विरल्यावरही तिथेच होतं.

मैमुनाबाईंनी आपली प्रत उलटसुलट केली. "यात एक पान कमी आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आणि आकडे कोणीतरी बदललेत."

"मी," सदानंद म्हणाला.

"का?"

"कम्प्लायन्स."

 त्या विभाकडे वळल्या. "अशा पानांवरून तुम्ही न अडखळता वाजवलंत?"

"दोन प्रती होत्या," विभा म्हणाली.

"मुलं ह्याहून वाईट कागद आणतात. कोणी खाल्लेला, कोणी भिजवलेला. मागच्या बाई त्यातच सोडून गेल्या." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "रविवारी चार वाजता या. अकरा मुलं आहेत. पत्र हम्माद मेल करेल. आणि पानं तुमची तुम्ही छापा."

गाडीत बसल्यावर विभा बराच वेळ हसत होती, मग जरा रडली, मग म्हणाली, "चहा घेऊ कुठेतरी." सदानंदने गाडी सुरू केली नाही. फाडलेल्या लिफाफ्यातली प्रत काढून त्याने पहिल्या पानावर 'एकदा वापरली' असं लिहिलं, तारीख घातली, सही केली.

मग पेन तिच्यापुढे धरलं.

"इथे. दुसरी सही."