जन्माआधी शिवलेली कुंची

निवृत्तींनी आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा मंगळूरला आणि दोन्ही वेळा चपला हातात घेऊन. मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या त्यांच्या शिलाईच्या दुकानातून दिसायचा तो समोरचा बटाट्याचा गाळा आणि वरचं तारांचं जाळं. अशा माणसाला जावई मिळाला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यातला! नोकरी लक्षद्वीपात, कल्पेनी नावाच्या बेटावर. "नकाशात तर दिसतच नाही की," असं कुरकुरत त्यांनी थोरली दीपश्री दिली, कारण सुदीप मुलगा सरळ होता.

आता ते बेट रोज दिसत होतं. धाकटी काव्या हेब्बाळच्या कंपनीत होती, पण त्या आठवड्यात घरूनच काम करत होती. तिच्या लॅपटॉपवर कामापेक्षा वादळच जास्त वेळ उघडं असायचं. सुरुवातीला नुसता ढगांचा पुंजका होता. मग त्याला वळण आलं, मग तो पांढरा भोवरा झाला आणि बेटांकडे सरकू लागला. मैसुरात मात्र लख्ख ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हाचाच निवृत्तींना राग येत होता.

सातवा महिना लागला की लेकीला माहेरी आणायची, ही घरची रीत. बोटीचं तिकीटही झालं होतं. पण बोट निघायची नेमकी अमावास्येला. "पोटुशी बाई अमावास्येला पाण्यावर? बेडवे बेड, मुळीच नको," निवृत्तींच्या बायकोनं, जानकीबाईंनी, फोनवर निक्षून सांगितलं. "पुढच्या बोटीनं ये." पुढची बोट वादळाचा इशारा आल्यावर कोचीतून निघालीच नाही. तेव्हापासून निवृत्ती दर चहाला बायकोला ऐकवत होते. माणूस घाबरला की त्याला दोष द्यायला कुणीतरी लागतं, आणि बायको हाताशीच असते.

"तुझी ती अमावास्या!"

"अप्पा, साकु आता, पुरे," काव्या म्हणायची. जानकीबाई मात्र विठ्ठलाच्या तसबिरीपुढे बसून वाती वळत होत्या. इतक्या वाती वर्षभर पुरल्या असत्या.

आणि निवृत्ती बोलत होते त्याचं खरं कारण वेगळंच होतं. दुकानातल्या मशीनच्या खणात, रिळांच्या मागे, एक कुंची होती. पांढऱ्या मलमलीची, हिरव्या काठाची. जन्माआधी बाळाचं काही शिवायचं नाही, हा या शिंप्यांच्या घरातला नियम. बाळानं आधी जुनेर वापरायचं, बारशाला आजोबानं नव्या कापडाला कात्री लावायची. गिऱ्हाइकांनाही निवृत्ती हेच सांगत. गरोदर बाईचा नवरा झबल्याचं कापड घेऊन आला की ते हात जोडून परत पाठवत, "आधी येऊ दे हो, मग शिवतो." आणि दीपश्रीची गोड बातमी कळल्यावर याच गृहस्थांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, चोरासारखी, कुंची शिवली होती. आनंद मावला नाही, दुसरं काय!

दुपारी दीपश्रीचा फोन आला. तो नेमका निवृत्तींनी उचलला.

"अप्पा, आम्ही शाळेत आलोय. इथंच स्लॅब आहे, बाकी सगळ्यांचे पत्रे उडतायत." मागे वाऱ्याचा आवाज असा होता, जणू कुणी जाड कापड टराटरा फाडतंय. "विहिरीचं पाणी खारं झालंय. लगूनचं पाणी रस्त्यावर आलंय. सुदीप आहे इथं, घाबरू नका."

"पोट कसं आहे गं?"

ती थांबली. "आईला सांगू नका हं. मधेमधे घट्ट होतंय. कळा नसतील ना, अल्वा?"

"नाही, नाही. कळा कशाला असतील," निवृत्ती म्हणाले. त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एवढ्यात फोन तुटला. त्यांनी पुन्हा लावला, काव्यानं लावला, सुदीपचा लावला. संध्याकाळी काव्या हळूच म्हणाली, "अप्पा, आय् आता आयलंडच्या वरच आहे. टॉवर गेले असतील सगळे." आय् म्हणजे वादळाचा डोळा. जानकीबाईंनी पहिल्यांदाच लॅपटॉपकडे पाहिलं. त्या भोवऱ्याखाली बेट कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही. सकाळी निवृत्तींनी सवयीनं दुकान उघडलं, मशीनवरचं फडकं काढलं आणि खणातून कुंची बाहेर घेतली. शिवण उसवायची छोटी कात्री घेऊन ते एकेक टाका तोडू लागले. शिवल्यानं झालं असेल तर उसवल्यानं टळेल, एवढाच हिशोब. वेडेपणा होता, हे त्यांनाही कळत होतं. पण हात थांबवायची भीती वाटत होती.

काठ सुटला. हिरवी पट्टी मांडीवर पडली. एवढ्यात दारात जानकीबाई उभ्या राहिल्या, हातात उपिट्टाचा डबा. त्यांनी मांडीवरचं कापड पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं.

आता ही आपल्याला फाडून खाणार, निवृत्तींना वाटलं. खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

जानकीबाईंनी डबा खाली ठेवला. शेजारच्या स्टुलावर बसल्या, कुंचीचं दुसरं टोक ओढून घेतलं आणि सुईच्या टोकानं टाके उचकटू लागल्या.

"माझ्यामुळे गेली पोर," त्या म्हणाल्या. "अमावास्येला आली असती तर आज इथं बसली असती."

"नाही गं. हे मी शिवलं. आणि तुला बोलत बसलो."

"सुम्ने, गप्प बसा. मी सांगितलं, मी."

दोघं दोष एकमेकांकडून हिसकावून घेत होते आणि टाके तोडत होते. निवृत्तींच्या डोळ्यांतलं पाणी मलमलीवर पडत होतं. कुंचीची शेवटची शिवण सुटली तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"अप्पा, मी सुदीप. कोचीतून बोलतोय." आवाज ओळखू येत नव्हता. "पहाटे शाळेतच झालं. मुलगी. वारा पडल्यावर हेलिकॉप्टरनं आणलं आम्हाला. दीपू बरी आहे."

"आणि पोरगी?" जानकीबाईंनी फोन ओढून घेतला.

"काचेच्या पेटीत ठेवलीय. फार लहान आहे, आई. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस जाऊ दे, मग बोलू. डोकं गार पडता कामा नये म्हणतात. इथल्या टोप्या तिला नाकापर्यंत येतायत. आमचं तर घरच गेलं, एक कपडा उरला नाही. अप्पांना सांगा, एक टोपडं शिवून आणा. आजच निघा."

"डोकं केवढं आहे?" फोनला कान लावलेल्या निवृत्तींनी विचारलं. मापाशिवाय त्यांनी कधी कात्री धरली नव्हती.

"मोठ्या मोसंबीएवढं असेल," सुदीप म्हणाला आणि रडू लागला.

फोन ठेवल्यावर निवृत्ती कापडाकडे बघत राहिले. अजून बारसं व्हायचं होतं. अजून आजचा दिवस जायचा होता. आणि याच कापडाची कुंची त्यांनी एकदा वेळेआधी शिवली होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"शिवा," जानकीबाई म्हणाल्या. त्यांनी सुईत दोरा ओवला, कारण डोळ्यांतल्या पाण्यानं निवृत्तींना नेढं दिसत नव्हतं, आणि काव्याला कोचीची गाडी ठरवायला फोन लावला.

कुंचीच्या डोक्याचा भाग निवृत्तींनी कापला. अजून मोठा वाटला, पुन्हा कापला. मशीन लावलं नाही, हातानंच शिवलं, शिवण बाहेरच्या बाजूला घेतली, म्हणजे टोचणार नाही. टोपडं तळहातात मावेल एवढं झालं. कडेला मात्र कापडाची चांगली रुंद पट्टी शिल्लक होती. ती त्यांनी कापून टाकली नाही. दुमडली आणि बारीक टाक्यांनी बसवली.

"एवढ्याशा टोपड्याला एवढं जादा कापड कशाला?" जानकीबाईंनी विचारलं.

"लहान मुलांच्या कपड्यांना ठेवावं लागतं," निवृत्ती मान वर न करता म्हणाले. "वाढेल की ती. पुढं उसवून मोठं करता येतं."