खळ्यातला तिवडा गोलाला उभा राहतो

अहो, असे इकडंतिकडं शोधू नका. माणूस कुणी नाही इथं. बोलतोय तो मीच, तुम्ही पाठ टेकलेला खांब. टेका खुशाल, पण जरा बेतानं. पायाला वाळवी लागलीय माझ्या.

मी जातीचा बाभूळ. चिखलीच्या शिवाराला लागून आमचं गाव, तिथं तात्याबांच्या बांधावर मी वाढलो. तात्याबांना तिवडा हवा होता. तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवायचा खांब. त्याला बैल बांधायचे, कणसांवरून गोल फिरवायचे, की दाणे सुटतात. सुताराला त्यांनी सांगितलं होतं, पुरुषभर उंच ठेव. त्यानं मला चांगला दोन हात जास्त ठेवला. तात्याबांनी त्याला अशा शेलक्या शिव्या दिल्या की माझी सालं गेलेली नसती तर तेव्हाच गळली असती.

गावाच्या सामाईक खळ्यात मला रोवला तेव्हा नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, पहिल्या कणसांची जुडी बायकांनी माझ्या पायाशी ठेवली. आमच्याकडं देण्याची रीतच ती. पायाशी ठेवायचं, हात जोडायचे आणि मागं सरकायचं. कुणाच्या तोंडात नेऊन कोंबायचं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ह्याच रीतीनं पुढं आमचा घात केला.

मळणी झाली, राशी घरोघर गेल्या, की मला उपटून कोपऱ्यात आडवा टाकायचे. तसा मी पडून असताना ज्योतीराम आला. हा देहूरोडच्या लष्करी डेपोत मजुरीला जायचा. तिथं जवान चेंडू खेळत, ते बघून ह्यालाही नाद लागला. जवानांनी टाकून दिलेला एक चामडी फुटबॉल त्यानं आणला, मोच्याकडून शिवून घेतला आणि पोरं गोळा केली. गोलाला खांब पाहिजे होते. एक मी, दुसरा लिंबाचा एक वासा, आणि वर आडव्या दांडीच्या जागी बैलाचा कासरा बांधलेला! समोरच्या गोलाला तेवढंही नव्हतं, दोन दगड. त्यामुळं नाणेफेक कुणीही जिंको, चांगला गोल आम्हालाच पाहिजे, म्हणून आमची पोरं पाहुण्यांशी भांडायची.

आणि काय सांगू, गाव वेडं झालं. भाकरी खाऊन माणसं खळ्याच्या कडेला येऊन बसायची. तात्याबा पहिल्यांदा म्हणाले, "माजल्यात पोरं." महिन्याभरानं तेच धोतर खोचून ओरडत होते, "आरं, पाय काय घरी ठिवून आलास व्हय रं?"

माझ्याजवळ उभा राहायचा बिरू. गोल अडवणारा. अंगानं सडसडीत, हात लांब, आणि बोलताना अडखळणारा. 'पाणी' म्हणायचं तर प-प करत राहायचा बिचारा. आणि माणसांची खोड बघा, कुणाला धीर म्हणून नाही. बिरूनं तोंड उघडलं की समोरचा त्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकायचा, "पाणी ना? घे की." दया म्हणूनच करायचे ते, पण शेवटी पोरानं बोलणंच सोडलं. नुसती मान हलवायचा.

खळ्यात मात्र नवल घडायचं. चेंडू आला की एक हात माझ्यावर ठेवून तो असा ओरडायचा, "सोड! माझा हाय! ज्योत्या, डावीकडं बघ!" एक अक्षर अडायचं नाही. का, ते मला नका विचारू. मी लाकूड.

त्याची आई गोजाबाई दर खेळाला यायची. नवरा कधीच गेलेला, हा एकच लेक. माझ्या बुडाशी पदर डोक्यावर घेऊन बसायची. खेळ तिला काडीचा कळायचा नाही. आपल्यावर गोल झाला तरी तिचा चेहरा फुललेला, कारण गोल होण्याआधी बिरू चांगला खणखणीत ओरडलेला असायचा. एकदा सगळे गेल्यावर तिनं माझ्यावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "तुझ्यापाशी बोलतो रं माझा लेक. घरात न्हाई बोलत." मला गाठी आहेत, हृदय नाही म्हणतात. पण त्या दिवशी आत कुठंतरी गलबललं खरं.

मग पिंपरीकडं कारखान्याचं बांधकाम निघालं आणि खडी-सिमेंट ठेवायला एका कंत्राटदाराला गोदामाची जागा हवी झाली. सरपंच लक्ष्मणराव म्हणाले, खळ्याची जागा देऊ. माणूस वाईट नव्हता हो. शाळेची कौलं वाऱ्यानं उडाली होती, गोदामाच्या भाड्यातून ती बसवायची होती. "मळणी कुठंबी हुईल," ते म्हणाले, "आन् चेंडूचं काय, रानात खेळा."

पोरांनी विनवण्या केल्या. लक्ष्मणराव ऐकेनात. तेवढ्यात पंचायतीची निवडणूक लागली आणि ज्योतीरामच्या डोक्यात किडा वळवळला. "पंचायत जागा देती ना? मग आपूनच पंचायतीत बसू!" लक्ष्मणरावांच्याच विरोधात तो उभा राहिला.

काय तो प्रचार! कुणाकडं मोटार नाही, कर्णा नाही. बैलगाडीत फुटबॉल ठेवून दारोदार फिरले. ज्योतीराम दारात चेंडू गुडघ्यावर उडवून दाखवायचा आणि म्हणायचा, "आत्याबाई, खळं पायजे का गोदाम?" म्हाताऱ्या बाया त्या चेंडूलाच कुंकू लावायच्या. पोरं खूश. कुणाच्या ध्यानात आलं नाही, की ज्या बाया चेंडूला ओवाळतात त्या मतपेटीपुढं काय करतील.

शाळेला कौलं नव्हती, म्हणून मतदान आमच्या खळ्यातच ठेवलं. मांडवाला खांब कमी पडले, तेव्हा मला एका कोपऱ्यात रोवला. मला बांधूनच एक तरटाचा पडदा लावला. पडद्याआड दोन पेट्या. लक्ष्मणरावांच्या पेटीवर छत्रीचं चित्र, ज्योतीरामच्या पेटीवर समईचं. कागद घ्यायचा, पडद्यामागं जायचं, ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत टाकायचा. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी बजावलं, प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस मांडवात बसेल, पण तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. पोरं हसून म्हणाली, "मग बिरूच बसंल की!" बिरूही हसला आणि माझ्याशेजारी येऊन बसला.

बायकांची रांग लागली. मला पडद्याच्या दोन्हीकडचं दिसत होतं. पहिलीच बाई आत गेली, समई बघितली आणि कागद पेटीच्या झाकणावर ठेवून हात जोडून मागं सरकली. दुसरीनं कुंकवाचं बोट लावलं, कागद वर ठेवला. तिसरी, चौथी, तसंच. छत्रीला कोण कशाला नमस्कार करतंय? तिच्या फटीत कागद सरळ आत जात होते. इकडं समईवर कागदांचा ढीग चढत होता. अगं बायांनो, आत टाका! मी ओरडून ओरडून थकलो, पण लाकडाचं कोण ऐकतो.

मग गोजाबाई आत गेली. तिनं कागद कपाळाला लावला, पेटीवर ठेवला, वर कनवटीचं चाफ्याचं फूल ठेवलं. त्याच क्षणी वाऱ्यानं तरट उडालं आणि बिरूला सगळं दिसलं. फूल दिसलं, ढीग दिसला, जोडलेले हात दिसले.

तो उठला. "प... प... पे..." साहेबांनी डोळे वटारले. बिरूच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, शब्द काही निघेना. गोजाबाई वळून निघाली होती. तेव्हा त्यानं माझ्यावर हात ठेवला, घट्ट, खेळात ठेवायचा तसाच.

"आये, आत! आत टाक! समद्याजणी पेटीच्या आत टाका!"

रांगेतल्या बाया आ वासून बघत राहिल्या. गोजाबाईनं तोंडात पदर कोंबला आणि तिथंच मटकन बसली.

बाहेर उभे असलेले लक्ष्मणराव आत डोकावले. "कोन वरडलं?"

"बिरू," तात्याबा म्हणाले.

"गोजाबाईचा? त्यो कुठं बोलतो?"

"खळ्यात बोलतो. तुमी कवा आलाय हितं?"

साहेबांनी बिरूला हाताला धरून बाहेर काढलं. झाकणावरचे कागद बाद केले; नियम म्हणजे नियम, त्यांचंही काही चुकलं नाही. त्यानंतरच्या बायांनी कागद नीट आत टाकले, पण उशीर झाला होता. संध्याकाळी मोजणी झाली. लक्ष्मणराव थोडक्यात निवडून आले. त्यांच्या माणसांनी गुलाल उधळला आणि ज्योतीराम माझ्या बुडाशी गुडघ्यात डोकं घालून रडला. सगळ्या गावानं मैदान मागितलं होतं आणि सगळ्या गावानंच नमस्कार करता करता ते घालवलं.

गोजाबाई मात्र उठली. गुलालानं माखलेल्या लक्ष्मणरावांपुढं जाऊन उभी राहिली. त्यांच्या भावकीतलीच ती, त्यांना दादा म्हणायची.

"दादा, म्या तुला मत दिलं न्हाई."

"ठावं हाय गं. सोड आता."

"का दिलं न्हाई ते आइक. माझं लेकरू फकस्त हितं बोलतं. गोदाम बांध तू, शाळेला कौलं घाल. पर पाया खनायच्या आदी येकदा त्याला आयकून जा."

रविवारी खेळ होता, शेवटचाच समजून सगळे खेळत होते. मध्येच लक्ष्मणराव आले आणि गोजाबाईच्या शेजारी मातीतच बसले. पांढरं धोतर, पांढरी टोपी. त्यांना खेळ कळत नव्हता, हे मला चेहऱ्यावरूनच दिसत होतं. ते डोळे मिटून बसले होते. "माझा!" बिरू ओरडायचा. "मागं या! सोडू नगा!" प्रत्येक हाकेला लक्ष्मणरावांची मान हलायची. गोजाबाई त्यांच्याकडं एकदाही बघत नव्हती.

आमची पोरं हरली. लक्ष्मणरावांनी बिरूला हाक मारली. "काय रं, त्यो शेवटचा गोल कसा गेला?"

बिरूनं तोंड उघडलं. आता हात माझ्यावर नव्हता. "पा... पा..." शेजारचा कुणीतरी म्हणाला, "पाय घसरला त्याचा." लक्ष्मणरावांनी त्या माणसाला हातानंच गप्प केलं. आणि ते थांबले. नुसते थांबले, बिरूच्या तोंडाकडं बघत. उन्हं पार उतरली.

"पा... पाय न्हाई घसरला," बिरू म्हणाला. "म-मला च... चेंडू दिसलाच न्हाई. म-माझ्या डोळ्यात प... पानी हुतं."

लक्ष्मणराव उठले, धोतर झटकलं. कंत्राटदाराला त्यांनी रस्त्याकडंची आपली स्वतःची पडीक जमीन दिली, भाडं मात्र शाळेलाच लावलं. त्यांची बायको कितीतरी दिवस त्यांना जेवण वाढताना भांडी आपटत होती, असं ऐकतो.

त्यालाही आता काही वर्षं झाली. कारखान्यात लागलेल्या पोरांनी लोखंडी खांब आणायचं ठरवलंय. मला काढतील. काढा बापडे, माझी तक्रार नाही. लाकडाचं आयुष्य तेवढंच. बंबात घातलंत तरी चालेल, कुणाच्या तरी न्हाणीचं पाणी तापेल.

पण जाता जाता एक मागणं आहे. दुपारी डोळा लागलेला असतो, पोरं बाहेर बोंबलत असतात आणि तुम्ही काठी घेऊन त्यांना हाकलायला दारात येता. या, पण उंबऱ्यावर जरा थांबा. दोन हाका ऐका. त्या आरडाओरड्यात कुणाच्या तरी आईचं लेकरू बोलत असेल.