गाडीतला निकाल

सरांनी वेळ दिली ती पंचवीस मिनिटांची, आणि तीही गाडीत. विमानतळ येईपर्यंत त्यांनी गाणं ऐकायचं आणि उतरताना सांगायचं, आवाज थोरलीचाच ठेवायचा की एखाद्या नावाजलेल्या गायिकेला बोलवायचं. बावीस वर्षं कोरसमध्ये मागे उभं राहून 'आ आ' केल्यावर बाईच्या वाट्याला एक अख्खं गाणं आलं, आणि त्याचा निकाल लागणार कुठे, तर सिग्नलला. घ्या! पण एवढ्या मोठ्या संगीतकाराला कोण बोलणार?

गाणं तसं आधी धाकटीचं. दोघी बहिणी एकाच कोरसमधल्या. आठ दिवसांपूर्वी धाकटी ते गायली, सरांनी ऐकलं आणि निरोप धाडला, "आवाज मागे राहतो. अंगच नाही आवाजाला." त्या दिवसापासून धाकटीने तोंडातून सूर काढला नव्हता. मग सरांनी थोरलीला बोलावलं. "जा गं ताई, घरातल्या घरात तरी राहील," असं धाकटी म्हणाली खरी, पण म्हणताना पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. थोरलीला ते खुपत होतं, आणि गाणं हवंही होतं. दोन्ही खरं.

थोरली पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, सर मागे. स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट भलता संशयी माणूस. गाणं बाहेर फुटेल म्हणून मोबाईलवर पाठवायचाच नाही. त्याने काड्यापेटीएवढा जुना म्युझिक प्लेयर तिच्या हातात ठेवला होता. येताना हेडफोन लावून तिने चारदा ऐकलं होतं आणि देवाशपथ, चांगलं झालं होतं.

ड्रायव्हरने खणातून काळी वायर काढली. एक टोक प्लेयरमध्ये खुपसलं, दुसरं गाडीच्या स्टिरिओत. "स्टुडिओच्या गाण्यांपुरतीच लागते ही. सरांचं बाकी सगळं मोबाईलवरून, बिनवायरीचं," तो म्हणाला.

गाणं सुरू झालं. व्हायोलिनं झकास, गिटार झकास. थोरलीने श्वास रोखला. आणि तिचा आवाज आला तो असा, की शेजारच्या इमारतीतल्या न्हाणीघरात कुणीतरी गुणगुणतंय.

मागे सरांनी जिभेने च्यक् केलं.

"हेच मी म्हणत होतो. दोघी बहिणींचं एकच दुखणं. मागे उभं राहायची सवय आवाजात शिरलीय तुमच्या. वाईट वाटून घेऊ नका बाई, कोरसला तुमच्यासारखं माणूस नाही." आणि त्यांनी फोन काढून एका नावाजलेल्या गायिकेचा नंबर लावला.

थोरलीला ते पटलं. संताप येतो तो याचाच! कान शाबूत असलेली बाई, पण बावीस वर्षं मागे राहा, मागे राहा ऐकून घेतलेलं. हेडफोनमध्ये काय, ज्याला त्याला आपलाच आवाज गोड वाटतो, असं तिने स्वतःला समजावलंसुद्धा. पलीकडे फोन एंगेज लागला. सर पुटपुटले आणि पुन्हा लावायला लागले.

एवढ्यात दुसरं कडवं आलं आणि तिने कान टवकारले. हा आवाज लहान नव्हता. हा आवाजच नव्हता, नुसता त्याचा घुमारा होता. आणि हे तिने हजारदा ऐकलेलं होतं! कोरसवाल्यांच्या वाट्याला स्टुडिओतले टाकाऊ हेडफोन यायचे. त्यांची पिन अर्धवट बसली की वाद्यं वाजत राहायची आणि मधला मुख्य आवाज तेवढा गडप व्हायचा. "अगं बये, पिन दाब," असं तिने किती पोरींना सांगितलं असेल!

तिने हात घातला. स्टिरिओतली पिन तीळभर बाहेर आली होती. दाबली, परत सरकली. भोकच झिजलेलं. मग तिने अंगठा रोवला आणि धरून ठेवला.

तिचा आवाज गाडीत असा घुसला की ड्रायव्हरने दचकून ब्रेक मारला.

"हॅलो," फोनमधून कुणीतरी म्हणालं. सरांनी फोन कट केला. "पहिल्यापासून लावा."

सबंध गाणं त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "बाई, तुमचाच ठेवतोय. संपला विषय."

थोरलीला हसावं की रडावं कळेना. झालं! मिळालं! आणि त्या आनंदातच एक विचार कुसळासारखा टोचला.

"सर, धाकटीचं गाणंही याच वायरीवर ऐकलं होतं?"

ड्रायव्हरच बोलला, "हो की. याच गाडीत."

"ते झालं गेलं," सर म्हणाले. "तुमचं ठरलंय ना आता? मग कशाला उकरून काढता?"

खरंच, कशाला? विमानतळाची पाटी दिसायला लागली होती. दोन मिनिटं तोंड मिटून बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण रेकॉर्डिस्ट काही म्हणता काही पुसत नसे. धाकटीचं गाणं प्लेयरवर तिच्या गाण्याच्या अगदी आधी होतं. थोरलीने मागच्या गाण्याचं बटण दाबलं.

"ऐका तरी. पिन मी धरते."

पहिल्याच ओळीला तिला कळलं. धाकटी तिच्यापेक्षा चांगली गायली होती. थोडी नव्हे, बरीच. जिथे थोरलीने जपून पाऊल टाकलं होतं, तिथे ही बिनधास्त उडी मारत होती. थोरलीला बहिणीचा राग आला, कौतुक वाटलं, पुन्हा राग आला. सर पुढे वाकले होते, डोळे मिटून. तिचा हात कुणालाच दिसत नव्हता. अंगठा केसभर ढिला केला असता तरी पुरलं असतं. गाडीला धक्का बसला, म्हणता आलं असतं.

अंगठ्याला कळा लागल्या. गाडी थांबली, ड्रायव्हर सामान काढायला उतरला, गाणं संपलं.

"पुन्हा लावा," सर म्हणाले.

थोरलीने पुन्हा लावलं आणि अंगठा आणखी घट्ट दाबला.