नानांचे अडतीस स्पूल

हक्कसोडीच्या कागदावर सही करताना प्रमिलाने धाकट्या भावाकडे एकच गोष्ट मागितली होती, नानांचे अडतीस स्पूल. शेत छगनचं, स्पूल तिचे. "तुन्हंच शे ते बठ्ठं, अक्का," छगन म्हणाला होता.

नाना, त्यांचे वडील, धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. गाण्यांच्या तबकड्या बाजारात मिळायच्या, पण संवाद थांबल्यावर मागे जे वाजतं ते कुठल्याच कंपनीने काढलं नव्हतं. चार आठवडे चाललेल्या सिनेमात कोणत्या रिळात माणसं कधी गप्प होतात, हे नानांना पाठ असे. तेवढ्यापुरता ते ॲम्प्लिफायरला जोडलेला टेपरेकॉर्डर चालू करत आणि नायिकेने तोंड उघडायच्या आत बंद. अशा टेपचे अडतीस स्पूल भरले होते.

फाल्गुनात नाना गेले. जळगावच्या तिच्या दोन खोल्यांत जागा नव्हती, म्हणून स्पूल एका ट्रंकेत भरून छगनच्या घरी, शिरपूरजवळच्या गावी राहिले. तिने पुण्याच्या, जुन्या सिनेमांचं संगीत जपणाऱ्या एका संस्थेला पत्रांवर पत्रं लिहिली. भाद्रपदात उत्तर आलं. यातलं बरंचसं आता कुठेच मिळत नाही, सगळं घेऊन या. त्याच आठवड्यात छगनचंही पत्र होतं, 'नानांचे स्पूल रोज फडक्याने पुसतो.'

ती गावी पोचली तेव्हा ट्रंकेत गोधड्या होत्या.

"स्पूल कुठे आहेत?"

"वावरमा," छगन म्हणाला.

बाजरी दाण्यावर आली होती. काठीपासून काठीपर्यंत तपकिरी पट्ट्या ताणलेल्या, उन्हात चकाकत, वाऱ्यावर गुणगुणत होत्या. गावात सगळेच पाखरांसाठी कॅसेटची टेप बांधत. छगनची पट्टी जरा रुंद होती, एवढंच. प्रमिलाने एक पट्टी चिमटीत धरली. बोटांना टेपवरची तपकिरी भुकटी लागली.

"वढू नको, तुटी जाई," छगन म्हणाला. "यंदा एक चिमणी टेकनी नही, अक्का."

"रोज पुसतो म्हणून लिहिलंस."

"तुले वाईट वाटतं म्हनीसन."

"सही केली तेव्हा आपलं काय ठरलं होतं?"

छगनने पायाने ढेकूळ फोडलं. "कागदवर वावरनं लिखेल शे. टेपास्नं कोठे लिखेल शे?"

नव्हतंच लिहिलं. वकिलाने विचारलं होतं, आणखी काही घालायचं का? बहीणभावात कसला कागद, असं प्रमिलाच हसून म्हणाली होती.

ती जेवायला थांबली नाही. स्टँडवर छगनने दरवर्षीसारखी मुगाची पिशवी तिच्या सीटखाली सरकवली. "नवा मूग शे. आपलाच वावरना."

तो उतरला. कंडक्टरने घंटी वाजवली आणि गाडी हलली, तशी प्रमिला उभी राहिली.

"जरा थांबवा. ही पिशवी माझी नाही."

"मग कोणाची, बाई?"

तिने खिडकीतून बोट दाखवलं. "त्या माणसाची राहिली."