ओल्या वड्यांचे वजन

बाराबल नावाच्या बाईच्या कपाटाच्या खणात ओटच्या लापशीच्या दहा वड्या होत्या. शनिवारी लापशी खणात ओतायची, ती थिजली की सुरीने वड्या पाडायच्या आणि आठवडाभर पुरवायच्या, ही स्काय बेटावरची जुनी रीत. यंदा सगळा बटाटा कुजला होता, त्यामुळे तीन पोरांच्या घरात खायला एवढेच उरले होते.

दुष्काळ समितीचा गिलफिलन आठवड्याचे सात पौंड पीठ द्यायला आला. त्याने आधी खण उघडला आणि वड्या तराजूत टाकल्या. पाच पौंड भरल्या.

"एवढा साठा असताना हात पसरतेस? पाच पौंड कापणार."

"साहेब, त्यात पीठ एकच पौंड आहे. बाकी सगळं पाणी आहे हो!"

"असं? मग दाखव की सिद्ध करून."

तिने वड्या कुस्करून तव्यावर घातल्या आणि खडखडीत वाळेपर्यंत परतल्या. दोन तास गिलफिलन चुलीशी पाय शेकत बसला. मग त्याने चुरा तोलला. बरोबर एक पौंड.

"वा गं बाई! माझ्या डोळ्यांदेखत चार पौंड गिळलेस?" तो खो खो हसला.

मग त्याने तिच्या पिशवीत पीठ ओतले. दोन पौंड.