चंपाबाईचं घुमणं

माणूस जेवायला बसलं की त्याच्या ताटात काय कमी-जास्त आहे ते बघावं, त्याच्या खांद्याकडं नि मानेकडं टक लावून बसू नये, एवढी साधी रीतसुद्धा करुणाला उरली नव्हती. मनकर्णाबाईनं भाकरी मोडायला घेतली की नात समोर उष्टा हात वाळवत बघत बसायची. म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली की म्हणायची, "आजी, थांब. परत बस. आत्ता उठलीस ना, तश्शीच ऊठ बरं."

"मी काय तुझ्या बापानं जत्रेतून आणलेली बाहुली हाय का गं? चावी दिली की उठायचं?"

"एकदाच गं."

"एकदाच म्हणून म्हणून दिवसभर उठवती. खाटकाच्या दारातल्या बकरीकडं बी लोक एवढं बघत नाहीत."

करुणा हसायची, पण नजर काढायची नाही.

ही खोड तिला पहिल्यापासून नव्हती. उस्मानपुऱ्यातल्या क्लासात नाचत होती तेव्हा पोरगी आरशाबाहेर कुणाकडं बघत नव्हती. बारावी झाली नि बंगळुरूला गेली. तिथं जो नाच शिकली त्यात ना घुंगरू, ना गाणं. जमिनीवर लोळायचं, भिंतीवर आदळायचं, एकमेकांच्या पाठीवर चढायचं. भावसिंगपुऱ्यातल्या बाया विचारायच्या, "मनकर्णाबाई, तुमची नात नाचती का पडती?" "पडती. पण विमानात बसून जाती आन् जर्मनीत पडती," असं ठणकावून म्हातारीनं गल्लीची तोंडं बंद केली होती.

मग गुडघा गेला. सुजलेल्या गुडघ्यावर तिचा गुरू 'अजून एकदा' म्हणत राहिला आणि ही करत राहिली. दोन ऑपरेशनं होऊन घरी आली ती भिंतीकडं तोंड करून पडली. म्हातारीनं तेल चोळून चोळून तो पाय उभा केला. पाय उभा राहिला तशी करुणा म्हणाली, "आजी, आता मी नाचणार नाही. नाच बसवणार. दुसऱ्यांच्या अंगावर."

'दुसऱ्यांच्या अंगावर' हा शब्द मनकर्णाबाईच्या कानाला तेव्हाच टोचला होता.

नाचायला पोरं-पोरी जमल्या, पण करुणाचा जीव जडला तो सदफवर. पोरगी सिल्लोडची, वेताच्या काठीसारखी, बोलायला लाजणारी. तिची आई गौहर तिला पोहोचवायला आली तेव्हा ओट्यावरच रडायला लागली. "हिचा बाप रुसलाय, अम्मा. नाचायला कोण पाठवतं पोरीला? पण हिला दुसरं काही सुचत नाय. तुमच्या पदरात टाकते."

मनकर्णाबाईचं माहेरही त्याच तालुक्यातलं. तिनं छाती ठोकून सांगितलं, "माहेरची लेक म्हणून ठिवून घेते. जशी दिली तशी परत नेशील. मनकर्णानं शब्द दिला म्हंजी दिला."

करुणाला नाचासाठी गोष्ट पाहिजे होती. ती मनकर्णाबाईनंच दिली. गोष्ट तिच्या आईची, चंपाबाईची. आखाडात पटकीची साथ आली की गाव वेशीवर हलगी लावायचं नि चंपाबाईला मधोमध उभं करायचं. मरीआई तिच्याच अंगात यायची, असं गावाचं म्हणणं. केस सोडून ती घुमायची नि गाव गोल करून बघायचं. दमून गुडघ्यावर आली की हलगीवाला हात जड करायचा, आणि गाव ओरडायचं, "आई, अजून!" एका आखाडात ती पडली ती उठली नाही. गाव म्हणालं, आईनं लेकीला नेलं. पुढं बाबासाहेबांची वाट धरली तेव्हा मनकर्णाबाईच्या बापानं तो शेंदूर फासलेला दगड गोणीत घालून नदीत फेकला. घरात परत कुणी घुमलं नाही.

"नाचाला तिचंच नाव देणार," करुणा म्हणाली. "चंपाबाई."

जिला गावानं विहिरीची पायरी चढू दिली नाही, तिचं नाव शहरात दारावर लागणार! म्हातारीची छाती अशी फुगली की घुमताना आईची मान कशी पडायची तेही तिनं बसल्या जागी करून दाखवलं. सदफ समोरच बसली होती. डोळे न मिटता बघत होती.

आधी ते सदफच्या खांद्यात आलं. भाकरी थापता थापता तिचा खांदा उसळायचा, आतून कुणी धक्का द्यावा तसा.

"काय गं?"

"कुछ नै दादी. प्रॅक्टिस है."

मग मानेत आलं. टीव्ही बघताना मान एका तालात डुलायची, आणि तिला पत्ताच नसायचा. ताटातली भाकरी तशीच राहायला लागली. वेणी घालताना फणीत केसांचे पुंजके यायचे. एक दिवस गल्लीत कुणाच्या तरी हळदीची हलगी वाजली. सदफ ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती सूप धरून उठली नि तशीच उभी राहिली. सूप कलतं झालं, तांदूळ पायावर सांडत राहिले. मनकर्णाबाईनं हाका मारल्या, दंड धरून हलवलं, तेव्हा पोरगी झोपेतून उठल्यासारखी हसली.

शेजारची भागूबाई हे सगळं फाटकातून बघत होती. ती जवळ येऊन कुजबुजली, "बाहेरचं तर नसंल? एखाद्या बाबाला दाखवा."

"बाबा एकच, भागूबाई, आन् ते भिंतीवर फोटोत हायेत. बाहेरचं-बिहेरचं माझ्या उंबऱ्याच्या आत येत नसतं."

बोलायला बोलली, नि सांडलेले तांदूळ वेचायला बसली. बाहेरचं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग जे होतं ते घरातलंच होतं.

तिनं करुणाला गाठलं. "पोरीला चार दिस सोड. वाळून चालली."

"आजी, आत्ता कुठं यायला लागलंय तिच्यात. सोडलं तर जाईल."

"काय जाईल?"

"ते." करुणानं हवेत बोट फिरवलं. तिच्या डोळ्यांत एक चमक आली. ही चमक आपण पूर्वी कुठंतरी बघितलीय, असं मनकर्णाबाईला वाटलं. कुठं, ते आठवेना. आणि तिनं तो विषय सोडला, कारण दारावर लागणारं नाव तिलाही बघायचं होतं.

खेळ रविवारी. शनिवारी दुपारी रंगीत तालीम होती, चिकलठाण्याकडच्या एका बंद कारखान्याच्या पत्र्याच्या शेडात. मनकर्णाबाई विहारात जाताना नेसते ते पांढरं लुगडं नेसून गेली. दाराशी फलक होता. तिनं बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. चं-पा-बा-ई. डोळे पुसले नि आत जाऊन पहिल्या खुर्चीवर बसली.

पोरं गोल करून जमिनीवर बसली होती. मधे सदफ, केस सोडलेली. करुणानं स्पीकर लावला. हलगी वाजली, आणि त्या पत्र्याखाली ती चारी बाजूंनी वाजली.

सदफ घुमायला लागली. खांदा, मग मान, मग सगळं अंग. केस जमिनीला लागत होते नि पुन्हा उडत होते. मनकर्णाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. हुबेहूब. जे तिनं बसल्या जागी दाखवलं होतं ते, आणि जे तिनं कधीच दाखवलं नव्हतं तेही.

पोरगी गुडघ्यावर आली. पुन्हा उठली. तिच्या तळपायांचे फरशीवर लाल ठसे उठत होते.

गोलातून कुणीतरी म्हणालं, "दीदी, तिला लागलंय."

"थांबायचं नाही कुणी," करुणा दबक्या आवाजात म्हणाली. एका हातानं तिनं मोबाइल सदफवर धरला होता, दुसऱ्या हातानं स्पीकरचा आवाज वाढवत होती. "सदफ, मस्त! अजून! अजून एकदा!"

तेव्हा मनकर्णाबाईला ती चमक कुठली ते आठवलं. बापाच्या खांद्यावर बसून तिनं वेशीवरची तोंडं बघितली होती. कुणाच्या तोंडावर राग नव्हता, भक्तीही नव्हती. चांगलं चाललंय, मधेच थांबू नये, एवढंच होतं.

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. करुणानं जे उठणं तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं होतं, तेच उठणं. आत्ता मात्र तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. ती भिंतीपाशी गेली नि स्पीकरची वायर उपटली.

हलगी तुटली. सदफ थांबली नाही.

त्या शांततेत फक्त तिचा श्वास, केसांचे फटकारे आणि ओल्या पायांचा आवाज येत होता. गोलातलं कुणी हललं नाही. म्हातारी आत शिरली. केसांचा फटका तोंडावर बसला. तिनं पोरीच्या कमरेला मिठी मारली आणि दोघी फरशीवर आदळल्या. पोरीचं डोकं मांडीवर दाबून धरत ती म्हणाली, "सदफ! ए सिल्लोडच्या पोरी! हिकडं बघ. दादी हाय."

वर गेलेली बुबुळं हळूहळू खाली आली. पण ती म्हातारीवर थांबली नाहीत. सदफ करुणाकडं बघत होती. ओठ हलले.

"दीदी... फिर से करूँ?"

करुणाच्या हातातला मोबाइल अजून चालूच होता. तिचं तोंड उघडलं. 'नको' म्हणायला उघडलं की आणखी कशाला, हे त्या शेडात कुणालाच कळलं नाही, कारण मनकर्णाबाईनं तिला बोलूच दिलं नाही.

"आधी भाईर जा, करुणे, आन् फलकावरचं माझ्या आईचं नाव पूस. माझ्या आईच्या अंगात देवी-बिवी कुणी येत नव्हतं. गाव येत होतं. तुला वाटलं, तू चंपाबाईची पणती. नाय. चंपाबाई ही हितं माझ्या मांडीवर पडलीय, आन् तू त्या हलगीवाल्याची हायेस. हिला मी सिल्लोडला हिच्या आईच्या दारात नेऊन सोडते. जशी दिली तशी नाय. पण जिती."